कोरे रकाने

कुपोषणाचा विषय निघाला की ‘आदिवासी आयांना कळत नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. मेळघाटात फिरल्यावर मला ते पटेनासं झालं. धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू घरांत पूर्वी कोदो-कुटकी मुलांच्या पोटात जायची. त्या जमिनीत सोयाबीन आलं. ते बाजारात जातं, ताटात येत नाही.

आणि त्याचा पैसा वर्षभर पुरत नाही. म्हणून दिवाळीनंतर घरंच्या घरं मजुरीला बाहेर पडतात, ती होळीला परततात. तेवढे महिने मूल परक्या शेताच्या बांधावर, त्याच्या वाट्याचं अंडं-केळं गावच्या अंगणवाडीत. परतल्यावर सेविकाताई दंडाला पट्टी लावतात. 12.5 सेंटिमीटरखाली पिवळा रंग, 11.5 खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण.

एका ताईंनी मला वजनाची वही दाखवली. कित्येक नावांपुढे चार-चार महिन्यांचे रकाने कोरे. “गावात असतं तेव्हा पोर सावरतं हो,” त्या म्हणाल्या.

मग आईला शहाणं करायचं, की सुगीनंतर तिला गावातच काम द्यायचं? रोजगार हमीचा कायदा याच राज्याने 1977 मध्ये केला होता.