मोलाची गोष्ट

आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की डोळ्यासमोर एकच चित्र येतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, रूममेटचा टाय आणि अ‍ॅप्टिट्यूडचा पेपर. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मात्र प्लेसमेंट एक्झाम हे वेगळंच प्रकरण आहे. तिचा नोकरीशी काही संबंध नाही. तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं, एवढंच ती ठरवते.

मला ही परीक्षा द्यायची होती रसायनशास्त्राची. आता कॉम्प्युटर इंजिनीअरला रसायनशास्त्र कशाला, असं आमच्या घरीही सगळ्यांनी विचारून झालं. तर कारण आहे पाणी. माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर तपकिरी पट्टे असलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय, मामा धरून. पाणी शुद्ध करण्याच्या विषयात मास्टर्स करायचं बरीच वर्षं डोक्यात होतं. पण त्याआधी जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग करून या, असं विद्यापीठानं सांगितलं. प्लेसमेंटमध्ये पुरेसे गुण मिळाले तर थेट पहिल्या भागात प्रवेश. नाही मिळाले तर आधी एक सेमिस्टर पूर्वतयारीचा कोर्स, ज्याचे क्रेडिट डिग्रीत धरत नाहीत. आणि संध्याकाळच्या वर्गाचा पहिला भाग फक्त ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे एक सेमिस्टर हुकलं की अख्खं वर्ष गेलं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हे वर्ष फार महाग पडतं.

हातात आठ आठवडे होते. बारावीचं केमिस्ट्री आठवून पाहिलं तर पिवळा अवक्षेप, तपकिरी वायू आणि काही रिअ‍ॅक्शनची नावं. चार वर्षं इंजिनीअरिंग आणि त्यानंतरची नोकरी यात बाकीचं सगळं वाहून गेलेलं. (तुमचं वेगळं असेल तर तुम्ही थोर आहात.)

आमच्याकडची परीक्षा म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटीचा 'टोलेडो' पेपर. ६० प्रश्न, ५५ मिनिटं. त्यातले २० प्रश्न नुसत्या गणिताचे, २० सर्वसाधारण रसायनाचे आणि २० जरा नेमक्या रसायनाचे. हे कळल्यावर आपल्या सवयीप्रमाणे हात आधी शिवशिवले ते जुने पेपर, शॉर्टकट आणि ट्रिक्स शोधायला. मग लक्षात आलं, इथे क्रॅक करण्यासारखं काही नाहीच. रँक नाही, कटऑफसाठी लाखभर मुलांशी मारामारी नाही. युक्त्या वापरून वरच्या वर्गात जाऊन बसलो तर दुसऱ्याच आठवड्यात तिथे काही कळेनासं होणार, आणि फीसुद्धा माझ्याच खिशातून गेलेली असणार. ही परीक्षा माझी उंची मोजणारी पट्टी आहे. टाचा वर करून उभं राहण्यात काय हशील?

मग अभ्यास उलटा सुरू केला. पहिले दोन आठवडे रसायन नाहीच. फक्त घातांक, गुणोत्तर-प्रमाण आणि एककं. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहायचं आणि एककं एकमेकांना काटतात का ते बघायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे टाइप चेकिंग आहे. उत्तर ग्रॅममध्ये हवंय आणि हातात ग्रॅमचा वर्ग आला, तर कंपायलरनं तिथेच थांबवलं असं समजायचं. गणिताच्या निम्म्या चुका यातच पकडल्या जातात.

तिसऱ्या आठवड्यात मोल. शाळेत आपण शिकलो ती व्याख्या कार्बनच्या १२ ग्रॅमवर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून ती बदलली. आता मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा २३ वा घात इतके कण, बस्स. डझन म्हणजे बारा, तसं. मला ही नवी व्याख्या फार आवडली, कारण त्यामुळे मोल म्हणजे फक्त मोजणी आहे हे डोक्यात बसलं. अणू मोजता येत नाहीत म्हणून आपण ते वजन करून मोजतो. बँकेत नाण्यांची पिशवी तोलून रक्कम काढावी, तसंच.

हे पक्कं झालं स्वयंपाकघरात. इथल्या साध्या व्हिनेगरच्या बाटलीवर ५ टक्के आम्ल लिहिलेलं असतं. म्हणजे १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल. त्याच्या एका मोलचं वजन ६० ग्रॅम, खाण्याच्या सोड्याचं ८४ ग्रॅम, आणि दोघांची जोडी एकास एक. पाच भागिले साठ, गुणिले चौऱ्याऐंशी, उत्तर बरोबर ७ ग्रॅम. किचनच्या काट्यावर सोडा तोलून थोडा थोडा टाकत गेलो. सात ग्रॅमच्या आसपास फसफस मंदावली, नंतर टाकलेला सोडा नुसता पडून राहिला. बायकोनं सिंककडे बघून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही :)

मग फ्लोराइड. फ्लोरिनचं वजन १९. म्हणजे लिटरला १.९ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर ते मोलचा दहा हजारावा भाग. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. इतकी वर्षं मी हे आकडे पेपरात नुसते वाचत होतो. आता ते गणितात घालता येऊ लागले. नागपूरच्या 'नीरी'नं विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड खाली बसवतात, ते का बसतं हेही थोडंफार कळायला लागलं.

पाठांतर अजिबात नको, असं मात्र मी म्हणणार नाही. नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, कार्बोनेट, अमोनियम, या मंडळींची सूत्रं आणि भार पाढ्यांसारखे पाठच हवेत. त्याचे कागदी पत्ते केले आणि ट्रेनमध्ये पिसत बसलो. 'संयुजा' हा शाळेतला शब्द इथे फार कामी आला. व्हॅलन्सीपेक्षा तो जास्त बोलका आहे, कोण किती जणांशी जोडला जाईल ते नावातच आहे.

एकट्यानं शिकताना सगळ्यात अवघड काय, तर अडल्यावर विचारायला कुणी नसतं. त्यावर माझा उपाय एकच. ओपनस्टॅक्सचं केमिस्ट्रीचं पुस्तक नेटवर फुकट आहे, त्यातलं गणित उत्तर न बघता सोडवायचं, आणि अडलं तर नेमकं कुठल्या ओळीवर अडलं ते वहीत लिहायचं. प्रश्न नीट लिहिला की अर्ध्या वेळा उत्तर आपोआप सापडतं. डिबगिंगमध्ये नाही का, सहकाऱ्याला एरर समजावून सांगता सांगता आपल्यालाच बग दिसतो?

निकाल लागला, थेट जनरल केमिस्ट्रीत. गणिताचा भाग जवळजवळ पूर्ण बरोबर, शेवटच्या भागात मात्र जेमतेम. आम्ल-आम्लारीचं प्रकरण कच्चं आहे हे पट्टीनं बरोबर दाखवलं, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी काय वाचायचं तेही कळलं. कॅम्पसच्या प्लेसमेंटनं मला एवढी नेमकी माहिती कधी दिली नव्हती.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे बाप्पा, पण पाणी कधी गोड करतो?"

दोन सेमिस्टर, मामा. मग मास्टर्स. आता आम्ल-आम्लारी वाचायला घेतो.