अण्णांच्या नावावरची पुस्तकं

आमचे अण्णा, म्हणजे सख्खे चुलते, श्रावणात गेले. वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीप्रमाणे मात्र ते दिवाळीनंतरही कादंबऱ्या नेत होते आणि वेळेत परत करत होते.

त्या नोंदी माझ्या हातच्या. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे, मी तिथला ग्रंथपाल. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालची मान्यता, वर्गाप्रमाणे अनुदान, त्यातून माझं मानधन. तपासणी जवळ आली की देवघेव दिसायला हवी, आणि वाचक तर येईनात. मग दोन रात्री बसून भाऊबंदांच्या नावावर पुस्तकं दिली आणि परत घेतली. शाई वेगळी दिसावी म्हणून दोन पेनं वापरायची अक्कल होती. कोण हयात आहे ते बघायची नव्हती.

तपासणी सुरळीत झाली. पकडलं ते चौथीतल्या पोराने. चुलती नातवाला घेऊन आली, म्हणाली, "ह्यांच्या नावावर काही राहिलं असेल तर बघ रे बाबा. कुणाचं देणं नको." मी चहा सांगायला उठलो, तेवढ्यात त्याने नोंदवहीत बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "आजी, आजोबांनी नोव्हेंबरात पण पुस्तक नेलंय." चुलती चहा न घेताच गेली. पुढे बरेच दिवस मी त्या गल्लीने जायचं टाळलं.

वाचक का येत नव्हते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वाचनालय उघडायचं सकाळी 11 ते 2, माझ्या सोयीने. त्या वेळी अख्खं गाव द्राक्षबागेत नाहीतर कांद्याच्या वावरात. कपाटांना कुलूप, कारण पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार? खरेदी मार्चअखेर, जिथे सवलत जास्त तिथून. भरतीची तयारी करणारी पोरं पुस्तकं विचारून गेली, मी त्यांच्यापुढे ऐतिहासिक कादंबऱ्या ठेवल्या.

पण खरी बोच दुसरीच आहे. ऑक्टोबरापासून द्राक्षाच्या गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. खोट्या नोंदी चालल्या होत्या त्याच आठवड्यात एक मजूर मुलीचा हात धरून दारात आला. चित्रांचं पुस्तक हवं होतं. मी विचारलं, गावात घर आहे? अनामत भरणार? तो म्हणाला, "आम्ही छाटणीपुरते, भाऊ." मी म्हटलं, मग नियमात बसत नाही. मुलगी कपाटाच्या काचेला नाक लावून उभी होती. तिच्या बापाने तिला हळूच ओढून नेलं.

पुढे ठराववही चाळली. अनामतीचा ठराव होता; गावात घर असण्याची अट कुठेच नव्हती. ती माझ्याच तोंडची. ग्रंथपालनाच्या परीक्षेत रंगनाथनांची 1931 ची पाच सूत्रं मी घडाघडा लिहिली होती. त्यातलं पहिलंच, पुस्तकं वापरासाठी आहेत.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी थेट वाचकांच्या गटात जाते. मी तिची गावठी नक्कल केली. द्राक्षाच्या एका क्रेटमध्ये चाळीसेक पुस्तकं भरतो आणि दर शनिवारी मोटारसायकलवरून मळ्यातल्या वस्त्यांवर नेतो. अनामत नाही, फक्त नाव लिहायचं. वाचनालय आता संध्याकाळी 6 ला उघडतं. अनामत सोडायला समितीतले दोघं अजून नाराज आहेत.

ती टोळी पुन्हा आमच्या गावात आली नाही. मुलीचं नाव मी विचारलं नव्हतं, त्यामुळे चौकशी तरी कशी करणार?

गेल्या हंगामात क्रेटमधली 7 पुस्तकं परत आली नाहीत. दाखल नोंदवहीत त्यांच्यापुढे 'गहाळ' लिहून मी खाली सही केली आहे.