खेप बघून इंजिन

“मिस्त्री, जुनी गाडी घेऊ का बीएस सिक्स?” दसऱ्याच्या सुमारास, गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या कराड भागात हा प्रश्न गॅरेजात सतत येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा किंमत आणि ॲव्हरेज असतं. मी आधी दुसरंच विचारतो: गाडी सलग किती पळणार, आणि उभी किती राहणार? इंजिनाचं वय मला त्यानंतर लागतं.

माझे हात जुन्या इंजिनावर तयार झाले. टाटांनी 1954 मध्ये मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले, 1969 मध्ये तो करार संपला, पण त्या घराण्यातलं इंजिन पुढे कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर राहिलं. त्यातलं 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर. 1-5-3-6-2-4 हा त्याचा फायरिंगचा क्रम आमच्याकडच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ असे. या इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते बिघाड आधी कळवतं. काळा धूर आला की डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, निळा आला की ऑइल जळतंय. ताकद हळूहळू उतरते, स्टार्टिंगला वेळ लागू लागतो. मालकाला हंगाम संपेपर्यंत सावरून घेता येतं आणि पावसाळ्यात इंजिन उतरवता येतं.

आणि दोष शोधायला कान पुरतो. इंजिन मिस मारत असेल तर ते चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने किंचित ढिला करायचा. आवाज पडला, तर तो सिलिंडर शाबूत. काहीच फरक पडला नाही, तर दुखणं तिथेच. ना तार, ना पडदा. गॅरेजात नवा आलेला मुलगा जी पहिली खरी विद्या शिकतो, ती ही.

हीच विद्या नव्या इंजिनावर हात घालवू शकते. जुन्या नोझलचं तोंड साधारण 200 बारच्या आसपास उघडतं. नव्या इंजिनात कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत डिझेल 1600 ते 2000 बार दाबाने कोंडलेलं असतं. चालू इंजिनावर तिथला नट सोडला तर केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल मांस नासवत जातं. अशी धार लागलेल्या माणसाला मलमपट्टी करून घरी पाठवू नये. त्याच तासाला सर्जनकडे न्यावं. हे मी प्रत्येक मिस्त्रीला सांगतो, कारण जुन्या हाताची सवय इथे सर्वांत धोक्याची आहे. नव्या इंजिनात सिलिंडरचा हिशेब स्कॅनरवर बघायचा, नटाला चालू इंजिनावर हात लावायचा नाही.

म्हणून नवीन गाडी घेताना मालकाने इंजिनाबरोबर ते हाताळणारा माणूसही जवळ आहे का, हे बघायला हवं. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची असते. शेतावरच्या उघड्या बॅरलमधलं, पाणी उतरलेलं डिझेल त्यात गेलं की इंजेक्टर बाद होतो. जुन्या इंजिनालाही घाण डिझेल सोसत नाही, पण त्याचं नोझल टेस्टरवर लावून, साफ करून, दाब बसवून परत चढवता येतं.

आता उसाचं बघा. फडात पहिल्या गिअरमध्ये रांगायचं, मग थोड्या अंतरावरचा कारखाना, मग गव्हाणीपुढच्या रांगेत तासन्‌तास. इंजिन पुरतं तापतच नाही. बीएस सिक्सच्या सायलेन्सरमधली काजळीची जाळी स्वतःहून मोकळी व्हायला लांब पल्ल्याची, लोडवरची धाव लागते. ती मिळाली नाही की जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर गाडी आपली ताकद स्वतःच कमी करते. मग उभ्या गाडीत काजळी जाळावी लागते. त्या वेळी जाळीत 600 अंशांच्या आसपास उष्णता तयार होते. हे काम वाळल्या पाचटावर उभं राहून कधीही करू नका. फडाबाहेर, मोकळ्या मुरमाच्या जागेवर करा.

त्याच कारखान्याची साखर बंदराला नेणारी गाडी मात्र वेगळी. खंबाटकी, कात्रज, बोरघाट, सगळी सलग लोडची धाव. तिथे नवं इंजिन कमी आरपीएमवरच ओढतं, चढावर ड्रायव्हरला गिअरशी झगडावं लागत नाही, आणि जाळी वाटेतच मोकळी होते. धूर साफ करणारा युरिया वेळेवर भरला, ऑइल कंपनीने सांगितलेलंच, कमी राखेचं घातलं, तर हे इंजिन त्रास देत नाही. अशा कामाला आज कुणी जुनी गाडी शोधत असेल तर मी त्याला थांबवतो.

कारण धुराचा हिशेब मी बाजूला ठेवू शकत नाही. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केलं. तो धूर सगळ्यांत जास्त आम्ही गॅरेजवाले, ड्रायव्हर आणि क्लीनर पितो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस सिक्स या धुराच्या नियमाने जड इंजिनांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅमवरून 0.46 ग्रॅमवर आणली. हा फरक कागदावरचा नाही. बंद शेडमध्ये दोन्ही इंजिनं आलटून पालटून चालवून बघितली की डोळे सांगतात. म्हणून जाळी कापून, युरियाची यंत्रणा फसवून देण्याचं काम मी करत नाही. करून देणारे आहेत. पण त्यात मालकाकडे नव्या इंजिनाची किंमत आणि जुन्या इंजिनाचा धूर, एवढंच उरतं. पिकअप मिळावा म्हणून जुन्या पंपाचं डिझेल वाढवून देणंही मला तितकंच नामंजूर आहे.

फड ते कारखाना एवढीच खेप असेल, हातात चांगलं जुनं इंजिन असेल आणि गाडीचं पासिंग नीट होत असेल, तर ती विकू नका. पंप बेंचवर लावून सील करून घ्या. गाडी हायवेला लागणार असेल तर बीएस सिक्स घ्या. आणि ठरवण्याआधी एका आठवड्याच्या खेपा वहीत लिहून काढा: सलग किलोमीटर किती, उभे तास किती, डिझेल कुठून भरता, स्कॅनर असलेलं गॅरेज किती लांब. ती वही घेऊन तुमच्या मिस्त्रीकडे जा, शोरूमला नंतर.