कोठावळा नसलेली कोठी

प्रोग्राम अडला म्हणजे ज्याची पाटी दर्शनी दिसेल त्याच्या नांवानें शंख करावयाचा, अशी जगाची रीत आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसाचा जन्मच मुळीं या रीतीच्या त्रासांतून झाला. २००० सालीं रिचर्ड हिप हे गृहस्थ, जनरल डायनॅमिक्स कंपनीच्या वतीनें, अमेरिकन आरमाराच्या विनाशिकेवरील एक प्रोग्राम लिहीत होते. जहाजाला इजा पोंचली असतां पुढें काय करावें हें त्या प्रोग्रामानें सांगावयाचें. लागणारी माहिती इन्फॉर्मिक्स नांवाच्या डेटाबेसांत असे, व त्याचा सर्व्हर सदैव जागा असावा लागे. तो निजला कीं ‘डेटाबेसाशीं संबंध जुळत नाहीं’ अशी पाटी हिप यांच्या प्रोग्रामांत झळके, आणि बोल त्यांना लागे. तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, मधला सर्व्हर हवाच कशाला? प्रोग्रामानें सरळ डिस्कवरची फाईल उघडावी आणि वाचावी. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पहिली आवृत्ति बाहेर पडली. आज वाचकांच्या खिशांतल्या फोनांत, मग तो आयफोन असो कीं अँड्रॉइड, एसक्यूलाइट बसलेला आहे. बिघडत नाहीं म्हणून त्याचें नांव कोणाला ठाऊक नसतें, इतकेंच.

ज्यांना या शास्त्राचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. मोठ्या डेटाबेसाची रचना जुन्या संस्थानी कोठीसारखी असते. कोठीला कोठावळा असतो. धान्य हवें तर त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी लागते, आणि आंत कोण गेलें, काय नेलें, याचा जाब त्याला विचारतां येतो. एसक्यूलाइट म्हणजे माजघरांतलें फडताळ. ज्याला गरज तो उघडतो, घेतो, ठेवतो, आणि पुन्हां लावून घेतो. यांत सोय अपरंपार आहे. परंतु घोटाळा झाला तर विचारावें कोणाला? म्हणून येथल्या बिघाडाचा शोध म्हणजे बहुधा, आपल्याशिवाय या फडताळाला आणखी कोणाचा हात लागतो, याचा शोध होय. हें सोडून ऐकीव युक्त्या एकामागून एक आजमावीत बसणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचेंहि काम कधीं कधीं होतें. तें कशानें झालें हें मात्र त्यांना सांगतां येत नाहीं.

सर्वांत अधिक ऐकूं येणारी तक्रार ‘डेटाबेसाला कुलूप आहे’ ही. नवशिका तिनें घाबरतो. वस्तुतः ती फडताळ शाबूत असल्याची खूण आहे. एका वेळीं एकानेंच लिहावयाचें हा येथला नियम; दुसरा लिहावयास आला तर त्यानें थांबावें. पण किती? आपण कांहीं सांगितलें नाहीं तर एसक्यूलाइट क्षणभरहि न थांबतां नकार देतो. ‘पांच सेकंद वाट पाहा’ असें ‘बिझी टाइमआउट’च्या आज्ञेनें बजावून ठेविलें कीं पुष्कळशा तक्रारी आपोआप विरतात. ज्या उरतात त्या मौजेच्या असतात. दोघे केवळ वाचण्याकरितां आंत शिरतात, आणि वाचतां वाचतां दोघांनाहि लिहिण्याची इच्छा होते. पहिला लिहून पुरें करूं पाहतो, पण दुसरा वाचकाची जागा सोडीत नाहीं. दुसऱ्याला लिहावयाचें असतें, पण लिहिण्याचा हक्क पहिल्यानें आधींच धरून ठेविलेला असतो. अशा स्थितींत कितीहि थांबलें तरी उपयोग नाहीं हें ओळखून एसक्यूलाइट एकाला तत्काळ परत फिरवितो, आणि प्रोग्राम लिहिणारा ‘पांच सेकंद सांगितले होते ना!’ म्हणून कपाळाला हात लावतो. ज्याला लिहावयाचें आहे त्यानें दाराशींच तसें सांगून आंत जावें. ‘बिगिन इमिजिएट’ ही आज्ञा त्याचसाठीं आहे.

याहून गंभीर प्रकार निराळाच. मूळ फायलीशेजारीं कधीं कधीं तिच्याच नांवाची, मागें ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ असें शेपूट असलेली दुसरी फाईल दिसते. आवराआवरीची हौस असलेल्या मनुष्याला ती केर वाटते, व तो ती पुसून टाकतो. ‘जर्नल’मध्यें बदलापूर्वींचीं पानें उतरून ठेविलेलीं असतात, लिहितां लिहितां वीज गेली तर तीं परत जागच्या जागीं बसवून फाईल पूर्ववत् करतां येते. २०१० सालापासून मिळूं लागलेली ‘वॉल’ पद्धति तर आमच्या पेढीवाल्यांना शिकवावयासच नको: नवा व्यवहार आधीं किर्दींत, मग सवडीनें खतावणींत. कीर्द फाडून खतावणी तेवढी जपणाऱ्या मुनिमाला पेढीवर कोण ठेवील? तरी चालू प्रोग्रामाची नुसती मूळ फाईल उतरून घेऊन ‘नक्कल ठेविली आहे’ असें समाधान मानणारे ठिकठिकाणीं भेटतात. फाईल नेटवर्कवरच्या सामायिक जागेंत ठेवून चार यंत्रांवरून उघडणें हेंहि याच जातीचें धाडस. कारण एसक्यूलाइटचीं कुलपें फायली सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या भरंवशावर चालतात, आणि पुष्कळ नेटवर्कांवर तीं लावल्यासारखीं दिसतात पण लागत नाहींत.

परंतु एक बिघाड आमच्या पाहण्यांत असा आला कीं, त्यांत फाईल निर्दोष, कुलपें निर्दोष, आणि तरीहि एका भल्या मनुष्याच्या अब्रूवर प्रसंग आलेला. एका तालुक्याच्या गांवच्या जुन्या ग्रंथालयानें आपली यादी संगणकावर घेतली. प्रोग्राम एका होतकरू तरुणानें विनामूल्य लिहून दिला. नोंदी उतरण्याचें काम तेथल्या साहाय्यकाकडे आलें, व तें त्यानें दोन वर्षें नेटानें केलें. पुढें मोजणीच्या वेळीं असें आढळलें कीं, कऱ्हाडविषयींचीं पुस्तकें शोधलीं असतां निम्मींच पडद्यावर येतात. बाकीचीं कपाटांत आहेत, यादींत नाहींत. साहाय्यकानें नोंदी गाळल्या, असें कोणी म्हणालें. गाळल्या त्या मुद्दाम, म्हणजे पुस्तकें पुढेंमागें बाहेर नेतां यावीं, असें दुसरे एक गृहस्थ हळूच म्हणाले. तो बिचारा ‘मीं एकूणएक लिहिलीं’ यापलीकडे कांहीं बोलेना. आम्हांला बोलावणें आलें तें या वेळीं.

आम्हीं प्रथम फायलीची प्रकृति तपासणारी ‘इंटेग्रिटी चेक’ ही आज्ञा दिली, उत्तर ‘ओके’. मग शोध बाजूला ठेवून सर्व नोंदी क्रमानें काढून डोळ्यांनीं वाचल्या, तों हरवलेलीं पुस्तकें तेथें हजर! गांवाचें नांवहि बरोबर. शोधाला मात्र तें दिसेना. डोळ्यांना एक दिसतें आणि यंत्राला दुसरें, अशा वेळीं डोळ्यांचें ऐकूं नये. आम्हीं दोन नोंदींतल्या त्या शब्दाची लांबी विचारली. एकीची ६ आली, दुसरीची ७.

‘कऱ्हाड’मधला तो अर्धा ऱ संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो. एक, टिंब असलेलें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडणें. दुसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवणें. पडद्यावर शब्द तोच उमटतो. एसक्यूलाइट मात्र आकार पाहत नाहीं कीं अर्थ पाहत नाहीं. तो बाइटाला बाइट ताडून पाहतो, आणि त्याच्या लेखीं हीं दोन वेगळीं गांवें. चौकशीअंतीं कळलें कीं, वर्षभरानंतर ग्रंथालयाचा संगणक बदलला व त्याबरोबर कळफलकाची मांडणीहि बदलली. दाखल क्रमांकांतहि अशीच गंमत: आधीं इंग्रजी आंकडे, नंतर देवनागरी. रकाना पूर्णांकांचा म्हणून जाहीर केलेला असूनहि एसक्यूलाइटनें देवनागरी आंकडे मजकूर समजून निमूटपणें ठेवून घेतले, आणि क्रमवारींत सर्व संख्यांच्या मागें नेऊन बसविले. ही त्याची ढिलाई आम्हांस कधींच आवडली नाहीं. २०२१ पासून तक्ता ‘स्ट्रिक्ट’ म्हणून घोषित करण्याची सोय झाली आहे, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाहीं.

शब्दाचीं दोन्ही रूपें एका साच्याचीं करणारी आज्ञा आधीं नकलेवर चालवून पाहिली, मग मूळ फायलीवर दिली. आणि नवी नोंद आंत जाण्यापूर्वींच तिचें रूप एकसारखें व्हावें, अशी तजवीज त्या तरुणाकडून करवून घेतली. दुसऱ्या दिवशीं चालकमंडळींसमोर त्याच साहाय्यकाला ‘कऱ्हाड’ टंकावयास सांगितलें. यादी उलगडत गेली, आणि ती संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. हळूच बोलणारे गृहस्थ त्या दिवशीं आले नव्हते.

एक काम अद्याप राहिलें आहे. एसक्यूलाइटच्या अंगच्या क्रमवारींत ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्यें येतो, आणि ‘क्ष’ तर ‘क’च्या पोटांत शिरतो, शाळेंत घोकलेल्या वर्णमालेंत हीं दोन्ही अक्षरें शेवटीं. क्रमाचा स्वतःचा नियम पुरविण्याची मुभा तो देतो, पण नियम कोणी तरी लिहावा लागतो. ग्रंथपालबाई विचारतात, ‘क्ष’चीं पुस्तकें आमच्या शेवटच्या कपाटांत, तीं तुमच्या यादींत ‘क’बरोबर कशीं? त्यांना कपाटें हलवावयाचीं नाहींत, आणि आमच्या मतें त्यांचें बरोबर आहे.