मकबऱ्याचा पांढरा रंग, पाणचक्कीचे पाणी

औरंगाबादला आलेला पाहुणा बीबी का मकबऱ्यासमोर उभा राहून फोटो काढल्याशिवाय परत जात नाही. आम्ही मात्र तिथे स्वतःचे नव्हे, त्या इमारतीचे फोटो काढायला जातो. आम्ही सात-आठ जण आहोत. दोन-तीन शिक्षक, एक औषध दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेले एक चाचा आणि घर सांभाळून वेळ काढणाऱ्या एक आपा. फोटोवर आमच्यापैकी कोणाचेही पोट चालत नाही, हा निव्वळ शौक आहे. दोन-तीन महिन्यांतून एखादे ठिकाण ठरवायचे, सकाळभर फोटो काढायचे आणि मग एकत्र बसून ते एकमेकांना दाखवायचे. नियम एकच : फोटो दाखवला की आकडेही सांगायचे.

हे आकडे तीन. खिडकी किती उघडली ते एपर्चर सांगते, ती किती वेळ उघडी ठेवली ते शटर सांगते आणि कमी उजेडातही कॅमेऱ्याने किती ताणून पाहावे ते आयएसओ ठरवतो. आता बऱ्याच मोबाईलमध्येही शटर आणि आयएसओ बदलता येतात, एपर्चर मात्र बहुतेक मोबाईलमध्ये ठरलेलेच असते. आमच्यातल्या निम्म्या जणांकडे कॅमेरा नाहीच, मोबाईलच आहे.

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत मकबरा ठरला. त्याचा दरवाजा दक्षिणेला आहे आणि हिवाळ्यात सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे सकाळचे ऊन उजवीकडून तिरपे येते, मिनारांवर आणि नक्षीवर पडते आणि सावल्यांमुळे नक्षी उठून दिसते. कारंज्यांच्या रांगेशेजारी आम्ही जवळजवळ उभे राहून एकाच घुमटाचे फोटो घेतले. तिघांचे फोटो मात्र तीन तऱ्हांचे आले.

चाचांनी कॅमेऱ्यावरच सगळे सोपवले होते. एफ ८, शटर १/५००, आयएसओ १००. मकबरा करडा, मळकट आला. समोर फार पांढरे दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेड जास्त आहे आणि तो फोटो काळवंडून टाकतो. आपांनी हे ओळखून शटर १/२५० केले, म्हणजे उजेड दुप्पट घेतला. पांढरा पांढरा आला आणि भिंतीवरचे पावसाचे काळे ओघळही दिसले. दुकानदार भाईंनी आणखी पुढे जाऊन १/६० वर फोटो घेतला. तो सगळ्यांत चकाकता होता. ओघळ गेले, गिलाव्याचे पोपडे गेले, सगळी इमारत संगमरवराची वाटू लागली.

चर्चा रंगली ती इथेच. कारण मकबरा सगळा संगमरवराचा नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या या कबरीवर घुमट संगमरवरी आहे, खाली भिंतीच्या कमरेपर्यंतही संगमरवर आहे. मधला बराचसा भाग दगडावर चढवलेल्या बारीक, गुळगुळीत गिलाव्याचा आहे. खर्चाची नोंद ६,६८,२०३ रुपये अशी सांगितली जाते आणि ताजमहालाशी तुलना करून या इमारतीला ‘गरिबांचा ताज’ म्हणून हिणवलेही जाते. पण त्या गिलाव्यात वेलबुट्टी कोरणाऱ्या कारागिरांचा हात पाहिला की हिणवणे थांबते. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही दोन नावे आहेत. एक आराखडा करणारे, दुसरे बांधकाम पाहणारे. नक्षी करणाऱ्यांची नावे आम्हाला तिथे दिसली नाहीत. त्यांचे उरले आहे ते कामच, आणि तेच आता पोपड्यांनी गळते आहे. चकाकत्या फोटोत हे गळणे पुसले जाते. आपांच्या फोटोत ते दिसते. आकडे सांगितले नसते, तर दोन्ही फोटो सारखेच खरे वाटले असते.

१९व्या शतकाच्या अखेरीस राजा दीनदयाळ यांनी निजामाच्या राज्यातल्या वास्तूंचे फोटो काढले. तेव्हा जड कॅमेरा, काचेच्या तबकड्या आणि तिपाई घेऊन फिरावे लागे. तसे जुने फोटो आज वास्तूची डागडुजी करणाऱ्यांना उपयोगी पडतात, कारण कुठली नक्षी कुठे होती हे त्यांत दिसते. शौक म्हणून काढलेला फोटोही उद्या असा कामी येऊ शकतो, पण तो प्रामाणिक असेल तरच.

आत गेल्यावर उजेड एकदम उतरतो. कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत आहे आणि ती वरून पाहावी लागते. तिपाई लावायची तर आधी परवानगी हवी. म्हणून श्वास रोखून एफ २.८, शटर १/३०, आयएसओ ३२००. फोटोत दाणे येतात, पण जाळीतून झिरपणारा उजेडही येतो.

दुपारी आम्ही जवळच्या पाणचक्कीवर गेलो आणि तिथल्या जुन्या वडाखाली फोटो दाखवायला बसलो. दूरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून इथवर आणून, उंचावरून पाडून त्यावर चक्की फिरवली जाई आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहतल्या फकिरांसाठी व विद्यार्थ्यांसाठी धान्य दळले जाई. गणिताच्या सरांनी पडत्या पाण्याचे दोन फोटो दाखवले. पहिला एफ ४, १/१०००, आयएसओ ४०० : थेंब न् थेंब मोकळा. दुसरा कॅमेरा कठड्यावर टेकवून, एफ २२, १/८, आयएसओ १०० : पाणी जणू मलमलीचा दुपट्टा. त्यांनी आकडे सांगताच बाकीचे उठून कठड्याकडे धावले. गणिताच्या तासाला अपूर्णांक ऐकून जांभया देणाऱ्या मुलांना हे दोन फोटो दाखवले, तर १/८ मोठा की १/१००० हे पुन्हा शिकवावे लागणार नाही.

सगळ्यांत चांगला उजेड कुठे होता, असे विचारल्यावर एक सर म्हणाले, “दर्ग्याच्या दारापाशी.” तिथे एक म्हातारी अम्मा हात उचलून दुआ मागत होत्या, चेहऱ्यावर कोवळे ऊन होते. दुआ संपल्यावर सरांनी कॅमेरा दाखवून नुसत्या नजरेने इजाजत मागितली. अम्मांनी मान हलवून नको म्हटले. “मग?” आम्ही विचारले. “मग सलाम केला आणि पुढे निघालो.” तो फोटो कोणाकडेच नाही. वडाखाली त्या दिवशी सर्वांत जास्त दाद मात्र त्यालाच मिळाली.

फोटो वाटताना आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी. फोटोच्या फाइलमध्ये हे आकडे आपोआप लिहिलेले असतात आणि मोबाईलमध्ये लोकेशन चालू असेल, तर जागेचा ठावठिकाणाही असतो. मकबऱ्याचा पत्ता कळला तर बिघडत नाही. घराच्या अंगणातल्या मुलीबाळींच्या फोटोचे तसे नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करायला अर्धा मिनिट पुरतो.

पुढच्या वेळी मकबऱ्यावर गेलात तर घुमटाचा एक फोटो हौसेने काढाच. दुसरा मात्र गिलावा सुटलेल्या एखाद्या वेलबुट्टीचा घ्या. तारीख, उभे राहिलात ती जागा आणि तिन्ही आकडे वहीत टिपून ठेवा. वर्षाने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभे राहा. काय राहिले आणि काय गेले, हे तुमचे दोन फोटोच सांगतील.