जुनी मोटरबोट : पाण्यातली आणि रस्त्यावरची

अमेरिकेत जुनी मोटरबोट विकत घ्यायला फार पैसे लागत नाहीत. ती सांभाळायला लागतात. मिशिगन, मिनेसोटा या सरोवरांच्या राज्यांत १९७०-८०च्या दशकांतल्या पंधरा-वीस फुटी फायबरग्लासच्या बोटी आजही घरामागे ट्रेलरवर उभ्या असतात. अशा बोटीवरच्या वस्तूंचे तीन गट पडतात : जुन्या पण चालणाऱ्या, चालू असूनही निरुपयोगी ठरलेल्या आणि चालू असताना धोका वाढवणाऱ्या. कोणती वस्तू कोणत्या गटात मोडते हे ओळखता आले, की दुरुस्तीचा खर्च आटोक्यात राहतो.

तपासणीची सुरुवात सांगाड्यापासून होते. फायबरग्लास कुजत नाही. त्याच्या आतले प्लायवुड कुजते. इंजिन जिच्यावर टांगलेले असते ती मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, आणि तळातले लांब वासे त्या काळात बहुधा प्लायवुडवर फायबर चढवून बनवत. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले, की लाकूड आतल्या आत भुसभुशीत होते आणि वरून रंग चकचकीतच दिसतो. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेल्यास निरोगी जागा टणक वाजते, कुजलेली बद्द. आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगलेले इंजिन थोडे वर उचलून त्याचे शेपूट खाली दाबताना ट्रान्सम लवला, तर किंमत निम्मी सांगितली तरी सौदा महागच पडतो.

इंजिन जुने असणे हा दोष नाही. दोन स्ट्रोकच्या आउटबोर्डची रचना साधी असते. बहुतेकांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल लागते. १९५०च्या दशकातल्या कित्येक इंजिनांना २४ भागांना १. प्रमाण चुकवून तेल कमी पडले, तर पिस्टन जाम होतो. पाणी खेचणाऱ्या पंपातली रबरी चक्री दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. इंजिनच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार क्षीण झाली, की पहिला संशय या चक्रीवरच घ्यावा. गिअरचे तेल दुधाळ दिसले, तर सील गळते आहे असे समजावे. आउटबोर्ड उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप निथळते. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनात मात्र ते साचून राहते आणि थंडीत गोठून ब्लॉक फोडते. सुट्या भागांची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही इंजिने बनवणाऱ्या ओएमसीचे २०००च्या अखेरीस दिवाळे निघाले आणि २०२०मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही थांबले. भाग मिळतात, पण बरेचसे इतर उत्पादकांचे.

खरा धोका इंधनाचा. अमेरिकी पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या मऊ करते, हवेतला ओलावा ओढते आणि पाणी फार झाले की त्याच्यासह टाकीच्या तळाशी वेगळे बसते. भारतातल्या पंपांवर हे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेल्यामुळे कोकणातल्या पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या आउटबोर्डांनाही हीच काळजी लागू होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून इंजिन आत असलेल्या बोटीत ते सुरू करण्यापूर्वी पंखा चार मिनिटे चालवतात. अशा बोटीला स्वस्त म्हणून मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावणे जिवावर बेतू शकते. बोटीसाठीच्या भागांची ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते, मोटारीच्या भागांची नसते.

उपकरणांचा निकाल सोपा आहे. दिशादर्शनाचे लोरान-सी यंत्र दिवा लावून बसले, तरी अमेरिकेतले त्याचे संदेश फेब्रुवारी २०१०पासून बंद झाले आहेत. १२१.५ मेगाहर्ट्झवरच्या संकटसूचकाचा संदेश उपग्रहांनी ऐकणे १ फेब्रुवारी २००९ला थांबले. आता ४०६ मेगाहर्ट्झचाच घ्यावा. जुना व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर अजून बोलतो, पण बटण दाबून संकटसंदेश पाठवण्याची सोय त्यात नसते. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी जिथे बसवलेली आहे, अशा २६ फुटांखालच्या बोटींत ती अडकवणे २०२१पासून बंधनकारक आहे. मुळात दोरीच नसलेल्या जुन्या बोटींना सक्ती नाही, तरी बसवून घ्यावी.

रस्त्यावर बोटीइतकाच ट्रेलर महत्त्वाचा. कॅटलॉगमधले वजन कोऱ्या बोटीचे असते. इंजिन, इंधन, बॅटरी आणि वर्षानुवर्षे पाणी प्यायलेला तळातला फोम धरला, की आकडा बराच वाढतो. म्हणून वजनकाट्यावर एकदा नेऊन यावे. एकूण भारापैकी सुमारे दहा टक्के हिचवर, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या आकड्यावर यावा. कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा झुलतो. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहावेत : ३५१६ म्हणजे २०१६चा ३५वा आठवडा. न झिजलेला टायरही वयाने फुटतो.

सर्वांत जास्त दगा देते ते चाकाचे बेअरिंग. बोट उतरवताना प्रवासात तापलेला चाकाचा हब गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ग्रीस खराब होते, गंज चढतो आणि पुढच्या प्रवासात चाक निखळते. म्हणून रॅम्पवर पोचल्यावर थोडा वेळ थांबावे, हब निवू द्यावेत आणि दिव्यांचा प्लग काढावा. परतताना पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून हबला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, तर पुढे जाऊ नये. सुरक्षेच्या साखळ्या हिचखाली एकमेकींवर फुली मारून अडकवाव्यात. पुढचा विंचचा पट्टा एकटा पुरत नाही. बोटीची मागची बाजूही ट्रेलरला आवळावी.

तळाचे बूच बोट पाण्यात सोडण्यापूर्वी लावायचे आणि बाहेर काढताच उघडायचे. १९८०च्या दशकाअखेर ग्रेट लेक्समध्ये शिरलेल्या झेब्रा शिंपल्या एका सरोवरातून दुसऱ्यात जाऊ नयेत, म्हणून मिनेसोटात बूच काढूनच बोट रस्त्यावर न्यावी लागते.

खर्चाचा क्रम असा : आधी ट्रान्सम, मग इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग, त्यानंतर ट्रेलरचे टायर व बेअरिंग, पुढे रेडिओ आणि संकटसूचक. गाद्या आणि रंग सर्वांत शेवटी.