दारात पाणी

ब्रेक मारला की मागच्या डाव्या दारातून आवाज यायचा. छळक. आधी वाटलं, हिची पाण्याची बाटली सीटखाली लोळत असेल. बाटली काढली, तरी आवाज तसाच. गाडी जेमतेम तीन महिन्यांची होती.

त्या तीन महिन्यांआधीची गोष्ट सांगायला हवी. मालवणला माझी आत्तेबहीण राहते. तिच्याकडच्या जुन्या जीपच्या तळाला मी एकदा बोट लावलं, तर गंजाचा पापुद्राच हातात आला. तेव्हापासून गंजाची धास्ती डोक्यात बसली होती. शोरूममधला पोरगा म्हणाला, "काका, खालून कोटिंग मारून घ्या, पाच वर्षं बघायला नको." सहा हजार रुपये. गाडी घ्यायला लाखो मोजलेला माणूस सहा हजारांना कशाला नाही म्हणेल? मृग लागला होता, मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा होता. संध्याकाळी गाडी धुतली आणि त्याच रात्री खालून काळं डांबरासारखं कोटिंग फवारलं. मी मोठ्या कौतुकाने वाकून पाहिलं. सगळं कसं एकसारखं काळं!

आता सेवाग्राममध्ये गंजाला घाबरायचं कारण तसं कमी. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर. पत्रा गंजायला हवा आणि पाणी लागतं, मीठ त्याला घाई करतं. मीठ आमच्याकडे फक्त भाजीत. पण पावसाळ्यात काळी माती असते, आणि ती एकदा चिकटली की दिवसेंदिवस ओल धरून बसते. बापूंच्या काळात वर्ध्याहून इथे यायचा रस्ता म्हणजे नुसता चिखल. जमनालालजी बजाजांनी एका फोर्ड मोटारीला बैल जुंपले होते आणि तिला थट्टेने 'ऑक्सफर्ड' म्हणत, हे इथे अजून सांगतात. आता रस्ता गुळगुळीत डांबरी आहे, पण शेतावर जायचं तर पांदणच. सोयाबीनच्या दिवसांत मी आठवड्यातून दोनदा त्या पांदणीने गेलो.

आवाजाचं कोडं सुटेना, म्हणून गाडी गावातल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने दार उघडलं, खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हसला.

"याचं भोक तं बुजवलं ना जी. पाणी जाईन कुठून?"

दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात, हे मला माहीतच नव्हतं. कोटिंगवाल्याने घाईत त्यांच्यावरूनही फवारा मारला होता. मिस्त्रीने सायकलची एक जुनी आरी आत खुपसली. तपकिरी पाण्याची धार त्याच्या चपलेवर पडली. चांगलं लोटाभर पाणी होतं.

मग त्याने गाडी खड्ड्यावर घेतली. मागच्या चाकाच्या कमानीत वाळून दगड झालेली काळी माती खरवडली, तर तिच्याबरोबर कोटिंगची तळहाताएवढी पोळी सुटली. खालचा पत्रा ओला. एका जोडावर नारिंगी डाग.

"कोटिंग खराब नाही जी," तो म्हणाला, "पण वल्या पत्र्यावर मारलं. आत ओल राह्यली, वरून झाकण."

नंतर घरी वाचत बसलो. हल्ली कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने प्रायमर कानाकोपऱ्यात चढवतात. तळाच्या जोडांवर सीलंट असतं, बऱ्याच गाड्यांना खालून पीव्हीसीचा थरही असतो. म्हणजे मी सहा हजार देऊन चांगल्या सदऱ्यावर ओलं घोंगडं पांघरलं होतं. ही तेव्हापासून कोटिंगचा विषय निघाला की नुसती हसते.

मिस्त्रीने सुटलेलं कोटिंग तेवढंच काढलं, तारेच्या ब्रशने डाग घासला. लगेच प्रायमर मारायला मात्र तयार नव्हता. "दोन दिवस उन्हात ठेवा, मंग आणा." ऑक्टोबरचं ऊन होतं. गाडी अंगणात तापत उभी राहिली. मग झिंकचा प्रायमर, त्यावर रंग, आणि दारांच्या पोकळीत मेणाचा पातळ फवारा. मेण ओलीला कोंडत नाही, फटीत शिरतं, असं त्याचं म्हणणं. सायलेन्सरला हातही लावला नाही. तो तापतो, वरचं सगळं जळून धूर होतो.

कोटिंगला माझा सरसकट विरोध नाही. आत्तेबहिणीच्या अंगणात गाडी ठेवायची असती, तर कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर मी ते मारून घेतलंच असतं. इथे मात्र पाइप घेऊन चाकांच्या कमानी धुतो. गेल्या दिवाळीत मालवणहून आलो, तेव्हा गोड्या पाण्याने तळ दोनदा धुतला.

ती आरी मिस्त्रीने परत घेतली नाही. ती आता डॅशबोर्डच्या खणात, गाडीच्या कागदांबरोबर असते. परवा शेजाऱ्यांची नवी गाडी आली. पेढा खाल्ला, आणि हार घातलेल्या गाडीसमोर उकिडवा बसून मी आधी दारांची भोकं पाहिली.